उन्हाची बेगमी : घरच्या सौर विजेस बॅटरीची जोड

भाईंदर स्टेशनाच्या आसपास किंवा उत्तनच्या रस्त्यानें जो कोणी उन्हाळ्यांत गेला असेल, त्यानें मिठागरांतील पांढऱ्या शुभ्र राशी खचित पाहिल्या असतील. भरतीचें खारें पाणी वाफ्यांत घ्यावें, उन्हानें तें आटवावें आणि तळाशीं उरलेलें मीठ ओढून त्याचे ढीग रचावे, हा या किनाऱ्याचा फार जुना उद्योग होय. पुढें उत्तनच्या कोळीवाड्यांत गेल्यास बांबूंच्या वलांडींवर बोंबील सुकत असलेले दिसतात. घरोघरीं पापड, मसाले आणि सुकी मासळी यांची पावसाळ्यासाठीं तजवीज चाललेली असते. आपल्या आया-आज्या या सर्वांस एकच शब्द योजितात : बेगमी. विचार करून पाहिलें असतां असें दिसून येईल कीं, ही सारी बेगमी वस्तुतः उन्हाचीच आहे. मे महिन्यांतील ऊन मिठाच्या व सुक्या मासळीच्या रूपानें आपण आषाढ-श्रावणासाठीं राखून ठेवितों.

अलीकडे आमच्या मीरा-भाईंदर शहरांतील पुष्कळ गच्च्यांवर व छपरांवर निळसर काळ्या कांचेचीं सौर पॅनेलें दिसूं लागलीं आहेत. तींही उन्हाचाच उपयोग करितात. परंतु मिठागर आणि पॅनेल यांच्यांत एक मोठा भेद आहे. मिठागर उन्हाचें फळ सांठवून ठेवितें. पॅनेल कांहींच सांठवीत नाहीं. ऊन पडतें त्या क्षणीं तें वीज देतें आणि ढग आला कीं तत्क्षणीं तिचा ओघ कमी होतो. हा भेद ज्यांस ठाऊक नसतो, त्यांची पुढें निराशा होते. या लेखांत आम्ही तोच समजावून देणार आहों.

या लेखास निमित्त झालें तें एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें. गेल्या वर्षीं शाळा नुकतीच उघडली होती. एके दिवशीं पहाटे सोसाट्याचा वारा सुटून आमच्या भागांतील वीज गेली, ती दुपारपर्यंत आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत आम्ही विजेचा पाठ शिकवीत असतां उत्तनच्या बाजूस राहणारी एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, आमच्या घरावर तीन किलोवॅटचीं पॅनेलें आहेत. काल वारा थांबल्यावर चांगलें ऊन पडलें होतें, तरी आमचे पंखे बंदच! शेजाऱ्यांकडे पॅनेलें नाहींत, त्यांचीही वीज गेलेली आणि आमचीही गेलेली. मग पॅनेलांचा उपयोग काय?"

वर्गांत हशा पिकला. परंतु ती मुलगी हसली नाहीं. मागाहून कळलें कीं, तिच्या आजीस श्वासाचा जुना विकार असून हवेंतील प्राणवायु वेगळा करून देणारें यंत्र त्यांच्या घरीं रात्रभर व दिवसाही कांहीं तास चालवावें लागतें. त्या दिवशीं तें यंत्र बंद पडलें. घरीं ठेवलेला प्राणवायूचा सिलिंडर संपत आला, तेव्हां तिच्या वडिलांस रिक्षा करून दुसरा आणण्यासाठीं धांवावें लागलें. डोक्यावर ऊन, छपरावर पॅनेलें, आणि खालीं आजीचा जीव कासावीस. अशा स्थितींत तो प्रश्न त्या मुलीच्या मनांत उठला होता. त्याचें उत्तर एका तासांत देणें आम्हांस साधलें नाहीं. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों. विद्यार्थ्यांनीं तें वाचावें व आपल्या आईवडिलांसही वाचून दाखवावें.

प्रथम पॅनेल म्हणजे काय तें पाहूं. प्रकाश पडल्यानें विजेचा प्रवाह उत्पन्न होऊं शकतो, हा शोध एदमाँ बेकेरेल नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३९ सालीं लावला. त्या वेळीं तो अवघा १९ वर्षांचा होता. परंतु व्यवहारांत उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकीं शेंकडा ६ च्या सुमारास भाग विजेंत पालटत असे. आज बाजारांत मिळणारीं चांगलीं पॅनेलें शेंकडा २० हून अधिक भाग पालटतात. एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलांस सुमारें १० चौरस मीटर, म्हणजे शंभरएक चौरस फूट मोकळी जागा लागते. आमच्या भागांत एवढ्या पॅनेलांपासून वर्षाच्या सरासरीनें दररोज सुमारें ४ युनिटें वीज मिळते. त्या मुलीच्या घरच्या तीन किलोवॅटांस हा हिशेब दिवसाला १२ युनिटांचा होतो. उन्हाळ्यांत तो याहून वर जातो. पावसाळ्यांतील दाट ढगांच्या दिवशीं तो तीन-चार युनिटांवर, किंबहुना त्याहूनही खालीं येतो.

पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहणारी असते. आपल्या घरांत येणारी वीज मात्र सेकंदास ५० वेळां आवर्तन करणारी, २३० व्होल्ट दाबाची असते. पहिलीस दुसरीचें रूप देणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात. आतां मुख्य गोष्ट येथेंच आहे. बहुतेक घरांत जो साधा सौर इन्व्हर्टर बसविलेला असतो, तो स्वतः ताल धरीत नाहीं. भजनांत टाळकरी जसा मृदंगाच्या ठेक्यावर टाळ वाजवितो, तसा तो रस्त्यावरून येणाऱ्या विजेच्या तालावर आपली वीज मिळवून देतो. बाहेरची वीज गेली कीं मृदंग थांबला. मग तो इन्व्हर्टरही दोनएक सेकंदांच्या आंत आपण होऊन बंद पडतो. हा बिघाड नव्हे. तशी मुद्दाम व्यवस्था केलेली असते.

ही व्यवस्था कां केली, याचें कारण प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वीज गेली म्हणजे रस्त्यावर कोठें तरी वायरमन खांबावर चढलेला असतो. वादळांत तुटलेली तार तो जोडीत असतो, आणि त्या तारेंत वीज नाहीं या भरंवशावर त्याचा हात चालतो. अशा वेळीं आमच्या गच्चीवरील पॅनेलें वीज निर्माण करून ती रस्त्यावरच्या तारेंत सोडूं लागलीं, तर त्या गरीब माणसाचे प्राण जातील. आपला पंखा बंद राहतो तो त्याच्या जीवासाठीं. हें कारण आम्ही वर्गांत सांगितलें, तेव्हां तो हशा आपोआप थांबला.

दुसरेंही एक कारण आहे. नुसत्या पॅनेलांवर घर चालविणें म्हणजे नुसत्या झऱ्यावर तहान भागविण्यासारखें आहे. घरांत आतां २०० वॅट हवे आहेत, क्षणांत फ्रिज सुरू झाला म्हणजे कितीतरी अधिक हवे. इकडे ढग आला म्हणजे पॅनेलें देणार निम्मे. मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणीं कोणी तरी घातला पाहिजे. एरवीं हें काम बाहेरचें विशाल विद्युत् जाळें करितें. तें नसेल तेव्हां हें काम करण्यास घरांत बॅटरी पाहिजे. म्हणून बॅटरी हें केवळ सांठवणीचें भांडें नव्हे. ती घरच्या विजेचा तोलही सांभाळते.

तें विशाल जाळेंही कधीं कोलमडूं शकतें, याचा अनुभव १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सोमवारीं आला. सकाळीं दहाच्या सुमारास पडघा-कळवा बाजूच्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. कांहीं भागांत वीज दोन-तीन तासांनीं आली, कांहीं ठिकाणीं तिला सायंकाळ झाली. भर दिवसाची वेळ असूनही, ज्या छपरांवर केवळ साधीं पॅनेलें होतीं, तीं छपरें त्या दिवशीं कांहीं उपयोगाचीं नव्हतीं.

मग बॅटरीशिवाय पॅनेलें बसविण्यांत शहाणपण नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. बाहेरच्या जाळ्याशीं आपला जो हिशेब असतो, तो एका परीनें सांठवणच आहे. दिवसा आपण वापरून उरलेली वीज रस्त्यावरच्या तारेंत जाते व मीटर ती जमेस धरितो. रात्रीं आपण घेतलेली वीज तो नांवें मांडतो. आणि बिल येतें तें या दोहोंच्या वजाबाकीचें. यास नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानें याविषयीं २०१५ सालीं नियम केले व २०१९ सालीं ते नव्यानें केले. म्हणजे वीज कंपनी ही जणूं आपली पेढी झाली. पेढी उघडी असते तोंवर बिल हलकें होण्यास बॅटरीची गरज नाहीं. ती गरज लागते पेढी बंद असते त्या वेळेपुरती. बॅटरी विकत घेण्यापूर्वीं हा विवेक प्रत्येक कुटुंबानें केला पाहिजे.

आतां बॅटरीकडे वळूं. व्होल्टा या इटालियन पंडितानें १८०० सालीं पहिला विद्युत्-घट रचला. पण तो एकदां संपला म्हणजे संपला. पुन्हां पुन्हां भरतां येईल असा शिशाचा घट गास्तों प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं बनविला. शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लांत ठेविलेल्या असतात. वीज देतांना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें व भरतांना तें पुन्हां मूळ रूपास येतें. मोटारींत व घरगुती इन्व्हर्टरखालीं जी जड बॅटरी असते ती याच जातीची. दुसरी जात लिथियमची. तींत लिथियमचे विद्युत्-भारित कण भरतांना एका बाजूच्या ग्रॅफाइटांत जाऊन बसतात व वापरतांना परत दुसऱ्या बाजूस येतात. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. घरच्या सांठवणीसाठीं लिथियमांतील लोह-फॉस्फेटाची जात विशेष पसंत केली जाते. कारण ती उष्णतेस अधिक टिकाव धरिते व पुष्कळ वर्षें चालते.

बॅटरी केवढी घ्यावी, हा प्रश्न दुकानदारास विचारूं नये. तो आपल्या वहीस विचारावा. दोन आंकडे नीट ओळखावे. पाण्याच्या पिंपास जशी एक क्षमता असते व एक तोटी असते, तशीच गोष्ट येथें आहे. पिंपांत पाणी किती मावतें, तो आंकडा युनिटांत, म्हणजे किलोवॅट-तासांत सांगतात. तोटींतून एका वेळीं किती निघूं शकतें, तो किलोवॅटांत सांगतात. पिंप मोठें पण तोटी बारीक असली, तर सारीं उपकरणें एकदम चालणार नाहींत. तोटी मोठी पण पिंप लहान असलें, तर तें लवकर रितें होईल.

त्या मुलीनें आमच्या सांगण्यावरून आपल्या घरचा एका रात्रीच्या आठ तासांचा हिशेब मांडला, तो असा :

दिवे ५, प्रत्येकीं ९ वॅट, ५ तास : २२५ वॅट-तास
साधे पंखे २, प्रत्येकीं ७५ वॅट, ८ तास : १,२०० वॅट-तास
फ्रिज, ८ तासांचा अंदाज : ३५० वॅट-तास
वायफाय व मोबाइल, २० वॅट, ८ तास : १६० वॅट-तास
आजीचें प्राणवायूचें यंत्र, ३५० वॅट, ८ तास : २,८०० वॅट-तास
एकूण : ४,७३५ वॅट-तास

आतां बाजारांत सामान्यतः मिळणारी एक लिथियम बॅटरी घेऊं. तिचा दाब ५१.२ व्होल्ट व क्षमता १०० अँपिअर-तास असते. दोहोंचा गुणाकार ५,१२० वॅट-तास, म्हणजे पांच युनिटांहून किंचित् अधिक. परंतु ती अगदीं तळापर्यंत रिकामी करूं नये. शेंकडा ९० वापरली तर ४,६०८ उरतात. इन्व्हर्टरमध्यें वीज पालटतांना दहावा हिस्सा खर्ची पडतो असें धरिलें तर हातीं येतात सुमारें ४,१४७ वॅट-तास. हिशेब जुळला नाहीं. सुमारें सहाशें कमी पडले. दुकानदार म्हणेल, "दुसरी बॅटरी घ्या." वहीनें मात्र निराळें उत्तर दिलें. नव्या जातीचे, ३० वॅटांचे पंखे बसविल्यास दोन पंख्यांस आठ तासांत १,२०० ऐवजीं ४८० वॅट-तास पुरतात. एकूण बेरीज ४,०१५ वर येते, आणि एकच बॅटरी पुरी पडते. सांठवण वाढविण्यापूर्वीं खर्च आवरावा, ही गोष्ट आपल्या आज्यांस विजेच्या आधींपासून ठाऊक होती.

तथापि शेष राहिले ते सव्वाशेंच्या जवळपास. ते कांहीं फार नव्हेत. बॅटरी जुनी होत जाईल तशी तिची क्षमता घटते व हा शेष उरणार नाहीं. म्हणून त्या घरानें वीज गेल्यावर फ्रिज बंद ठेवण्याचें ठरविलें. दार न उघडल्यास फ्रिज चारएक तास थंड राहतो. आजीचें यंत्र चार मिनिटेंही थांबूं नये. कोणतें उपकरण आधीं व कोणतें मागाहून, हा क्रम लावणें हेंच या शास्त्राचें मर्म आहे. दीड टनाचा एअर कंडिशनर १,५०० वॅट घेतो असें धरिलें, तर तो एकटाच ही बॅटरी तीन तासांच्या आंत रिती करील.

हीच गरज शिशाच्या बॅटऱ्यांनीं भागवावयाची म्हटल्यास काय होईल? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या एका बॅटरींत १,८०० वॅट-तास मावतात. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे कामाचे ९००, व इन्व्हर्टरचा दहावा हिस्सा वजा जातां ८१०. आजीच्या एका रात्रीस अशा पांच बॅटऱ्या लागतील. त्या घेतांना स्वस्त पडतात. पण त्यांत वरचेवर शुद्ध पाणी घालावें लागतें आणि त्या कांहीं वर्षांतच बदलाव्या लागतात. ज्या घरास वर्षाकांठीं चार-सहा वेळां दोन तासांपुरते दिवे-पंखे हवे आहेत, त्यास एक शिशाची बॅटरीही पुरेशी आहे. त्यास लिथियमचा मोह घालणें योग्य नव्हे.

आधींच पॅनेलें बसविलेल्या घरास बॅटरीची जोड दोन प्रकारांनीं देतां येते. पहिला प्रकार असा कीं, जुना सौर इन्व्हर्टर काढून त्याच्या जागीं हायब्रिड इन्व्हर्टर बसवावा. पॅनेलें, बॅटरी व बाहेरची वीज, तिन्ही याच्याच हाताखालीं येतात. पॅनेलांची वीज सरळ बॅटरींत शिरते व रूप पालटण्यांतील नुकसान कमी होतें. दुसरा प्रकार असा कीं, जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून बॅटरीसाठीं वेगळा इन्व्हर्टर घ्यावा. बाहेरची वीज गेली असतां हा दुसरा इन्व्हर्टर स्वतः मृदंग वाजवूं लागतो, आणि त्याच्या ठेक्यावर जुना सौर इन्व्हर्टरही कामास लागतो. जुना इन्व्हर्टर चांगला व नवा असेल तर हा मार्ग सोयीचा; मात्र दोन्ही यंत्रें एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, याची लेखी खात्री करून घ्यावी. कोणत्याही प्रकारांत एक नियम अटळ आहे : बाहेरची वीज जातांच घर रस्त्यावरच्या तारेपासून आपोआप पूर्णपणें तोडलें गेलें पाहिजे. मगच आंतील बॅटरीनें घर उजळावें. घरांतील अत्यावश्यक उपकरणांची वायरिंगही निराळी काढावी. म्हणजे चुकून कोणीं गीझर लावला तरी आजीच्या वाट्याची वीज त्यांत जाणार नाहीं.

आतां पैशाचा हिशेब. किमती वरचेवर बदलतात, म्हणून आम्ही रीत तेवढी सांगतों. समजा, बॅटरी व इन्व्हर्टर मिळून १,६०,००० रुपये लागले. बॅटरी आयुष्यांत ४,००० वेळां भरली व रिकामी झाली आणि दर खेपेस ४ युनिटें मिळालीं, तर एकूण १६,००० युनिटें होतात. म्हणजे युनिटामागें १० रुपये पडले. हें झालें रोज वापरल्यास. पण ज्या घरीं वीज वर्षांतून दहाच वेळां जाते व बॅटरी तेवढ्याच वेळां कामास येते, तेथें वर्षाचीं ४० व पंधरा वर्षांचीं ६०० युनिटें होतील. त्या घरास एक युनिट सुमारें २६७ रुपयांस पडलें! यावरून स्पष्ट होईल कीं, नेट मीटरिंग असलेल्या घरास बॅटरी ही कमाई नव्हे. ती विमा आहे. ज्या घरीं आजारी माणूस यंत्रावर आहे, त्यानें हा विमा अवश्य उतरावा. ज्या घरीं केवळ दूरदर्शनची मालिका चुकेल एवढेंच भय आहे, त्यानें तो पैसा मुलांच्या शिक्षणास लावावा.

सरकारी साहाय्याविषयींही पालक आम्हांस विचारतात. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेंत घरासाठीं पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये साहाय्य ठरविण्यांत आलें. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक विजेसाठीं दर किलोवॅटास १८,००० रुपये ठरले. हें साहाय्य पॅनेलांच्या क्षमतेवर मोजतात, बॅटरीच्या नव्हे. तेव्हां बॅटरीचा खर्च आपला आपण सोसावयाचा असें समजूनच चालावें.

आमच्या शहरांतील बहुतेक कुटुंबें स्वतंत्र घरांत नव्हे, तर सोसायट्यांच्या इमारतींत राहतात. तेथें गच्ची सर्वांची असते व वीज ज्याची त्याची. अशा ठिकाणीं सोसायटीनें पॅनेलें बसवून जिन्यांतील दिवे, पाण्याचा पंप व लिफ्ट यांचें बिल कमी करणें हा सरळ मार्ग होय. बॅटरी घेणेंच असेल तर जिन्यांतील दिव्यांपासून आरंभ करावा. पंप व लिफ्ट यांच्या मोटारी सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कितीतरी पट वीज ओढतात. त्यांस मोठी तोटी लागते, आणि खर्चही त्याच मानानें चढतो.

आमच्या किनाऱ्यास अनुसरून चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, खारी हवा लोखंड खाते; म्हणून पॅनेलांची चौकट जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची असावी, व बॅटरीच्या जोडांवर गंज चढतो कीं काय हें पावसाळ्यापूर्वीं व नंतर जाणत्याकडून तपासवून घ्यावें. दुसरी, २६ जुलै २००५ चा पाऊस कोणीं विसरूं नये. त्या वेळीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं बॅटरी व इन्व्हर्टर पुराच्या पाण्याच्या खुणेहून उंच बसवावा. तिसरी, बॅटरी निजावयाच्या खोलींत, जिन्याच्या वाटेवर किंवा उन्हांत ठेवूं नये. शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्याजवळ हवा खेळती असावी व दिवा-काडी नेऊं नये. लिथियमच्या बॅटरीस उष्णता मानवत नाहीं. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची : दोन्ही टोकांस पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतींतील सॉकेटमध्यें सोडण्याची युक्ति कांहीं लोक करितात. ती युक्ति नव्हे, तो गुन्हा समजावा. त्यामुळें वीज उलट रस्त्यावर जाते, आणि खांबावरच्या त्या माणसाची गांठ मृत्यूशीं पडते. परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडून, वीज कंपनीस कळवूनच हें काम करावें.

ही सांठवणीची चिंता घराघरास आहे तशीच ती साऱ्या महाराष्ट्रासही आहे. चार महिन्यांचा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवून त्यावर खोपोली येथें वर्षभर वीज काढावी व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरवावी, ही टाटांची योजना १९१५ सालीं सिद्धीस गेली. ती पावसाची बेगमी होती. आमच्या ठाणें जिल्ह्यांतच, शहापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं घाटघर प्रकल्पाचें खालचें धरण आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हां तेथील पाणी पंपांनीं घाटमाथ्यावरील धरणांत चढवितात, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज काढितात. २००८ सालीं सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २५० मेगावॅट आहे. डोंगरावर चढविलेलें तें पाणी म्हणजे एक प्रचंड बॅटरीच होय. दिवसा ऊन फुकट मिळतें व दिवे लागतात सायंकाळीं. हें अंतर भरून काढणें हें तुमच्या पिढीचें एक मोठें काम ठरणार आहे.

त्या मुलीच्या घरीं दिवाळीनंतर हायब्रिड इन्व्हर्टर व एक बॅटरी बसली. तत्पूर्वीं पंखे बदलले गेले. पावसाळ्यांत सलग ढग असले तर पॅनेलें बॅटरी भरूं शकणार नाहींत, म्हणून जून ते सप्टेंबर ती बाहेरच्या विजेनें भरून राखीव ठेवण्याची योजना केली. डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्राणवायूचा एक भरलेला सिलिंडरही घरीं ठेविला आहे. कारण एकाच आधारावर कोणाचा जीव टांगून ठेवूं नये. यंदा जून महिन्यांत एका रात्रीं वीज गेली. आम्ही दुसऱ्या दिवशीं तिला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सर, आजीला कळलेंच नाहीं." आमच्या मतें या साऱ्या लेखाचें सार्थक त्या तीन शब्दांत आहे.

विद्यार्थ्यांस स्वाध्याय :

१. आपल्या घरांतील प्रत्येक उपकरणावर लिहिलेले वॅट उतरून घ्या व एका रात्रीच्या आठ तासांचा हिशेब वरीलप्रमाणें मांडा.
२. वीज गेली असतां त्यांतील कोणतीं तीन उपकरणें आधीं चालूं ठेवाल व कां, हें घरांतील वडील माणसांस विचारून लिहा.
३. दररोज ९ युनिटें वीज वापरणाऱ्या घरावर तीन किलोवॅटचीं पॅनेलें आहेत. वर्षाच्या सरासरीनें दररोज किती युनिटें बाहेर जातील? ढगाळ दिवशीं केवळ ३ युनिटें निघालीं तर किती बाहेरून घ्यावीं लागतील?
४. बाहेरची वीज गेल्यावर साधीं सौर पॅनेलें बंद कां पडतात, हें आपल्या शेजाऱ्यांस पांच वाक्यांत समजावून सांगा. त्यांत खांबावरील वायरमनाचा उल्लेख विसरूं नका.